अस्त्र सोडणाऱ्याचा जाब

तैवानच्या झुओयिंग नाविक तळावर १ जुलै २०१६ च्या सकाळी एका लहान युद्धनौकेवर सराव चालू होता. क्षेपणास्त्राची यंत्रणा सरावाच्या स्थितीत असावयास हवी होती. ती प्रत्यक्ष युद्धाच्या स्थितीत राहून गेली. ज्याने देखरेख करावयाची तो अधिकारी जागेवर नव्हता. आणि श्युंग फेंग-३ या नावाचे, ध्वनीहून वेगवान असे जहाजवेधी क्षेपणास्त्र सुटले. सुमारे पाऊणशे किलोमीटरवर, पेंघू बेटांच्या बाजूला, एक मच्छीमार नौका आपल्या कामात होती. क्षेपणास्त्राच्या टोकातील रडार समुद्रावर जहाज शोधू लागले आणि त्याला ही नौका सापडली. स्फोट झाला नाही, पण अस्त्र नौकेतून आरपार गेले. कप्तान मरण पावला आणि त्याचे तीन सोबती जखमी झाले.

या घटनेत अस्त्राचा डोळा चुकला नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर रडारला उत्तर देणारी वस्तू शोध आणि तिच्यावर जाऊन आदळ, एवढेच त्याला शिकवले होते आणि तेवढे त्याने चोख केले. पुढे खटला उभा राहिला तो माणसांवर, आणि ते योग्यच झाले. परंतु प्रत्येक वेळी माणूस इतका स्पष्ट दिसत नाही. अस्त्राला स्वतःचे डोळे आले तेव्हापासून मारणारा आणि मरणारा यांच्यामध्ये एक तिसरा उभा राहिला आहे. त्याला आपण मार्गदर्शन यंत्रणा म्हणतो. जाब देण्याची वेळ आली की मनुष्य या तिसऱ्याकडे बोट दाखवतो.

माझ्या परिचयातील एक तरुण अभियंता अशाच स्वरूपाच्या कामात आहे. कोठे, हे सांगण्याचे कारण नाही. रडारकडून परत आलेल्या संकेतांच्या गर्दीतून लक्ष्य वेगळे काढणे, हा त्याचा विषय. मुलगा नमाजी आहे, विचारी आहे. एके दिवशी मगरिबनंतर मस्जिदीच्या पायऱ्यांवर त्याने मला विचारले, "चाचा, मी तर फक्त गणित लिहितो. कोणते जहाज, कोणते युद्ध, मला काही माहीत नसते. उद्या त्यातून एखादा बेगुनाह मेला तर माझ्या आमालनाम्यात काय लिहिले जाईल?" मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर फिक्हची पुस्तके काढली आणि युद्धाच्या प्रकरणाआधी शिकारीच्या प्रकरणाशीच थांबलो. तसे का झाले, ते पुढे येईलच.

प्रथम हे अस्त्र काय करते ते समजून घेऊ. बंदुकीची गोळी सुटल्यावर तिचा मार्ग ठरून गेलेला असतो. जहाजवेधी क्षेपणास्त्राचे तसे नाही. ते सोडताना त्याला एक दिशा आणि एक अंदाजी जागा दिली जाते. वाटेचा मोठा भाग ते आपल्या आतील जडत्व-मापकांच्या आधारे काटते; किती वेळ, किती वेगाने, किती वळलो, याचा हिशेब ते स्वतःच ठेवते. उंची मोजणारे दुसरे यंत्र त्याला लाटांच्या वर अवघ्या काही मीटरवर ठेवते, म्हणजे समोरच्या जहाजाच्या रडारला ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसू नये. फ्रान्सच्या 'एक्झोसे' या क्षेपणास्त्राचे नाव उडणाऱ्या माशावरून पडले ते यामुळेच. शेवटच्या टप्प्यात त्याचा स्वतःचा शोधक जागा होतो, ठरवून दिलेल्या पट्ट्यात रडारच्या लहरी सोडतो, परत येणाऱ्या प्रतिध्वनींतून एक निवडतो आणि त्याचा पाठलाग करतो. तोपर्यंत सोडणारा वैमानिक पाठ फिरवून परतीच्या वाटेवर लागलेला असतो.

येथे 'निवडतो' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, आणि तोच अडचणीचा आहे. शोधकाला जहाज दिसत नाही, त्याला प्रतिध्वनी दिसतो. प्रतिध्वनीला झेंडा नसतो, राष्ट्रीयत्व नसते, त्यात कोण झोपले आहे, कोण भात शिजवतो आहे, हे नसते. त्याला असते फक्त जागा आणि आकार, आणि आकारही फसवा.

फॉकलंडच्या युद्धात हे जगाने पाहिले. ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या विमानांनी सोडलेल्या एक्झोसेने ब्रिटिश विनाशिका 'शेफील्ड' पेटली आणि २० खलाशी मेले. वैमानिकांनी आपल्या पडद्यावर ठिपके पाहिले होते, जहाज पाहिले नव्हते. तीन आठवड्यांनी, २५ मे रोजी, पुन्हा दोन एक्झोसे आली. ब्रिटिश युद्धनौका 'अँबस्केड'ने त्यांना चकवण्यासाठी धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा ढग हवेत सोडला. रडारला असा ढग मोठ्या जहाजासारखा दिसतो. युक्ती सफल झाली. क्षेपणास्त्रे त्या ढगातून पलीकडे गेली, पुन्हा शोधू लागली, आणि पलीकडे त्यांना सापडले 'अटलांटिक कन्व्हेयर' हे मालवाहू जहाज. १२ माणसे मेली. ते जहाज युद्धाच्या कामी घेतलेले होते, त्यात हेलिकॉप्टरे होती, हे खरे. पण त्या बारा जणांना कोणी निवडले? वैमानिकाने नाही, कारण त्याच्या मनात दुसरे लक्ष्य होते. ढग सोडणाऱ्याने नाही, तो आपला जीव वाचवीत होता. निवड अस्त्राने केली, आणि अस्त्र कोणालाही उत्तर देणार नाही.

आपल्या देशाचीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख दुसऱ्यांचे दोष मोजणारा होईल. १९७१ च्या युद्धात भारतीय नौदलाच्या लहान क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर दोनदा हल्ला केला. पहिला ४ डिसेंबरच्या रात्री. त्याच्या स्मरणार्थ नौदल दिन पाळला जातो. दुसरा ८ डिसेंबरच्या रात्री. धाडस मोठे होते, आणि युद्धनीतीच्या अभ्यासात त्याला स्थान आहे. परंतु दुसऱ्या रात्री सोडलेल्या चार क्षेपणास्त्रांपैकी एकाने पनामाचे 'गल्फ स्टार' हे जहाज बुडवले आणि एकाने ब्रिटनच्या 'हार्मटन' या जहाजाचे नुकसान केले. या दोन्ही देशांशी आपले युद्ध नव्हते. बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांतून शोधकाला जे आधी मिळाले ते त्याने घेतले.

आता शिकारीच्या प्रकरणाकडे येतो. सूरह अल्‌-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी प्राण्यांनी तुमच्यासाठी पकडून ठेवलेले खाण्याची अनुमती आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे शिकारीचे शौकीन. त्यांनी पैगंबरांना (स.) याविषयी बारीकसारीक प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहेत. त्यांचा आशय असा: शिकवलेला कुत्रा अल्लाहचे नाव घेऊन सोडला असेल तर त्याने धरलेले खा. त्याने स्वतःच त्यातून खाल्ले असेल तर खाऊ नका, कारण त्याने ते स्वतःसाठी धरले असण्याची भीती आहे. तुमच्या कुत्र्याबरोबर दुसरा कुत्रा आढळला आणि कोणी मारले ते कळत नसेल तर खाऊ नका, कारण नाव तुम्ही आपल्या कुत्र्यावर घेतले होते, दुसऱ्यावर नाही. बाण मारलेले जनावर पाण्यात सापडले तर खाऊ नका, कारण ते बाणाने मेले की पाण्याने, हे तुम्हाला ठाऊक नाही.

आपल्या घरांत हा विषय हलाल-हरामच्या अंगाने येतो आणि तेथेच संपतो. मला मात्र त्या अभियंत्याच्या प्रश्नानंतर यात वेगळेच दिसू लागले. शिकारी कुत्रा हे मनुष्याचे पहिले 'स्वतः शोधणारे' अस्त्र आहे. त्याला सोडले की तो आपल्या नाकाने, आपल्या डोळ्याने लक्ष्य गाठतो. म्हणून फुकहांनी सगळा भार 'इर्साल'वर, म्हणजे सोडण्याच्या कृतीवर टाकला. मालकाने सोडला असेल तर मारणारा मालकच आहे. कुत्रा आपल्या मनाने पळत सुटला असेल तर ती शिकार मालकाची नाही. तो शिकवलेला असला पाहिजे, म्हणजे बोलावले तर परत आला पाहिजे, थांब म्हटले तर थांबला पाहिजे. आणि जेथे 'कोणी मारले, कशाने मारले' याबद्दल संशय आहे, तेथे हात मागे घ्यायचा आहे. एका सशासाठी एवढी दक्षता! एका सशाच्या बाबतीत 'मला ठाऊक नाही' हे शब्द अडवणूक ठरतात, आणि आदमच्या संततीच्या बाबतीत तेच शब्द सबब व्हावेत?

कोणी म्हणेल, शिकार वेगळी आणि युद्ध वेगळे. बरोबर आहे, आणि हा आक्षेप हलका नाही. जुन्या फुकहांपुढेही असाच प्रश्न होता. मन्जनीकने, म्हणजे दगड फेकणाऱ्या यंत्राने, किल्ल्यावर मारा केला तर आत बायका-मुले, व्यापारी, कैदी असू शकतात. शत्रूने कैद्यांची ढाल पुढे केली तर काय करायचे? यावर मतभेद झाले. हनफी इमामांनी रोख लढणाऱ्यांवर असेल तर अनुमती दिली. इमाम अवजाईंसारख्यांनी हात आखडता घेतला. पण हे सारे लिहिणारे एक गोष्ट गृहीत धरून चालले होते: दगड फेकणाऱ्यासमोर किल्ला आहे, तो कोणाचा आहे हे त्याला माहीत आहे, आणि दगड दुसऱ्याच गावावर जाऊन पडणार नाही. लढणारा ओळखून मग चुकून दुसऱ्याला लागणे ही एक गोष्ट. कोण आहे हे न ओळखताच सोडणे आणि 'ओळखायचे काम यंत्राचे' असे म्हणणे, ही दुसरी. दुसरीला पहिलीचा कौल लावता येत नाही, असे माझे नम्र मत आहे.

सूरह बनी इस्राईलच्या छत्तिसाव्या आयतीत, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये असे बजावून पुढे सांगितले आहे की कान, डोळा आणि हृदय या तिन्हींविषयी विचारणा होईल. ही आयत मी अनेकदा वाचली होती. आता ती वाचताना क्षेपणास्त्राचा शोधक डोळ्यांपुढे येतो. त्याला कान आहेत. नव्या जातीचे शोधक तर समोरच्या जहाजाच्या रडारचा आवाज ऐकूनच त्याच्याकडे वळतात. त्याला डोळे आहेत. अवरक्त किरणांत जहाजाची आकृती पाहून ती साठवलेल्या चित्राशी ताडणारेही निघाले आहेत. तिसरी गोष्ट त्याच्याजवळ नाही. ती पाठवणाऱ्याजवळच राहते, आणि म्हणून विचारणाही त्याच्याकडेच राहणार. हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांनी लढाईत कलिमा उच्चारणाऱ्यास मारले, तो तलवारीच्या भीतीने बोलला, अशी त्यांची समजूत होती. तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय, या अर्थाचा पैगंबरांचा (स.) प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. उसामा (रजि.) हाताच्या अंतरावर होते. त्यांनी चेहरा पाहिला होता, आवाज ऐकला होता. तरीही प्रश्न झाला.

या ठिकाणी आपल्या मनाला टोचणारे एक उदाहरण घेतले पाहिजे. गाझातील लेकरांच्या प्रेतांनी आपणा सर्वांची झोप उडवली आहे, आणि त्यांच्या बाजूने कोणी शस्त्र उचलले की आपले मन त्याच्याकडे ओढ घेते. त्या काळात येमेनच्या हौथींनी तांबड्या समुद्रात व अदनच्या आखातात जहाजांवर क्षेपणास्त्रे सोडली. ६ मार्च २०२४ रोजी 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावर हल्ला झाला, त्यात तीन खलाशी मेले. दोन फिलिपिनो, एक व्हिएतनामी. ते क्षेपणास्त्र लाटांवरून जाणाऱ्या जातीचे नव्हते, वरून येणारे होते, पण प्रश्न तोच आहे. जहाज अमेरिकी असल्याचे हौथींनी सांगितले. मालकांनी सांगितले की आता त्याचा कोणत्याही अमेरिकी संस्थेशी संबंध उरलेला नाही. समजा संबंध असता, तरी त्या तीन खलाशांचा काय होता? सूरह अल्‌-हुजुरातच्या सहाव्या आयतीतील तबय्युनचा, म्हणजे खातरजमा करण्याचा आदेश याचसाठी आहे की अज्ञानाने एखाद्या समूहाला इजा होऊन मागाहून पश्चात्तापाची वेळ येऊ नये. आपला पक्ष न्याय्य असला म्हणून हा आदेश शिथिल होत नाही. उलट न्यायाचे नाव घेणाऱ्यावर त्याचे ओझे अधिक.

दुसऱ्या बाजूचे विसरावे असे नाही. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. २९० माणसे होती, त्यांत ६६ मुले. विमान वर चढत होते. नौकेवरच्या माणसांनी ते खाली झेपावत असल्याचे मानले. आणि १० मे २०२० रोजी ओमानच्या आखातात सराव चालू असताना इराणच्याच एका युद्धनौकेचे क्षेपणास्त्र इराणच्याच 'कोनारक' नौकेवर गेले. कोनारक सरावाचे लक्ष्य नेऊन ठेवण्याच्या कामावर होती, त्याच्यापासून पुरेशी दूर गेली नव्हती. १९ जण मेले. रमजान चालू होता.

समुद्राचे हे प्रश्न आपल्यापासून दूर आहेत असे समजण्याचे कारण नाही. रत्नागिरी, रायगडच्या किनाऱ्यावरील कितीतरी मुस्लिम घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोटीवरची नोकरी चालत आली आहे. इराण-इराक युद्धात दोन्ही बाजूंनी आखातातील तेलवाहू व मालवाहू जहाजांवर मारा केला. दोन्ही मुस्लिम देश, दोन्हींच्या तोंडी अल्लाहचे नाव. शेकडो जहाजांना इजा झाली, आणि मरणारे खलाशी बहुधा त्या युद्धाशी काही देणेघेणे नसलेल्या गरीब घरांतले होते. १७ मे १९८७ च्या रात्री इराकी विमानाने सोडलेली दोन एक्झोसे अमेरिकेच्या 'स्टार्क' युद्धनौकेवर गेली आणि ३७ माणसे मेली. इराकने ती चूक म्हणून मान्य केली आणि पुढे भरपाईही दिली. तेलवाहू जहाजांवरच्या खलाशांच्या विधवांना कोणी काय दिले, याचा शोध घेणारे फारसे कोणी निघाले नाही.

चुकीची भरपाई हा इस्लाममध्ये उपकाराचा विषय नाही. सूरह अन्‌-निसाच्या ब्याण्णवाव्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचे नियम आहेत: वारसांना दियत द्यायची आणि वर कफ्फारा, ज्याला गुलाम मुक्त करणे शक्य नाही त्याने सलग दोन महिने रोजे धरायचे. मृत हा करार असलेल्या समूहातील असेल तरी दियत आहेच. मला येथे सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते की चूक ही चूक म्हणून मान्य झाल्यावरही साठ दिवसांची भूक सांगितली आहे. एक दिवस मध्ये सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. चुकीमध्येही बेफिकिरीचा अंश असतो, म्हणून तोबा आवश्यक आहे, असे उलेमांनी याचे कारण दिले आहे.

मग त्या अभियंत्याचे काय? बाण मारणाऱ्याला फिक्हमध्ये 'मुबाशिर', प्रत्यक्ष करणारा, म्हणतात. अस्त्र सोडण्याची आज्ञा देणारा आणि कळ दाबणारा यांची जागा तेथे शोधावी लागेल. परंतु आणखी एक जण आहे, 'मुतसब्बिब', म्हणजे कारण घडवून आणणारा. नेहमीचे उदाहरण रस्त्यात विहीर खणणाऱ्याचे. त्याने कोणाला ढकलले नाही. रात्री कोणी वाटसरू त्यात पडून मेला. त्याने आपल्या जागेत खणली असती तर प्रश्न नव्हता. त्याने वाटेत खणली, म्हणून दियत लागू होते. हनफी मतानुसार त्याच्यावर कफ्फारा नाही. शाफई मतानुसार कफ्फाराही आहे. म्हणजे देशावरच्या आणि कोकणातल्या आपल्या दोन मस्जिदींत या तरुणाला दोन उत्तरे मिळतील. पण 'तुझा काही संबंध नाही' असे उत्तर दोन्हींपैकी एकीतही मिळणार नाही.

हा दाखला पूर्णपणे जुळतो असे मी म्हणत नाही. राष्ट्राच्या संरक्षणासाठी शस्त्र बनवणे आणि वाटेत विहीर खणणे एक नव्हे. कळ दाबणारा शहाणा, सज्ञान माणूस मध्ये आला की कारण घडवणाऱ्याची जबाबदारी कमी होते, असाही नियम आहे. पण तो नियम अशा माणसासाठी आहे ज्याला सर्व काही दिसते आहे. येथे कळ दाबणाऱ्याने पाहण्याचे काम यंत्रावर सोपवले, आणि यंत्राला पाहायला शिकवले या मुलाने. शोधाचा पट्टा किती रुंद ठेवायचा, दोन प्रतिध्वनी आले तर कोणता घ्यायचा, काहीच ओळखू आले नाही तर पुढे जायचे की समुद्रात कोसळून संपून जायचे, हे कोणीतरी शांत खोलीत बसून आधीच लिहून ठेवलेले असते. त्या खोलीत माणसाचे हृदय हजर असते. चांगले डोळे असलेले अस्त्र मच्छीमार नौका ओळखून टाळू शकत असेल, तर ते आंधळ्या अस्त्राहून बरे, यात शंका नाही, आणि ते तसे बनवणारा सवाबाचा धनी होऊ शकतो. फक्त त्याचबरोबर कळ दाबणाऱ्याची स्वतः पाहण्याची सवय मोडत जाते, हेही त्याने आपल्या वरिष्ठांना सांगितले पाहिजे. सांगणे त्याच्या हाती आहे.

मागच्या जुमुआला तो पुन्हा भेटला. मी त्याला अदी बिन हातिम (रजि.) यांची हदीस सांगितली, विहिरीचा मसला सांगितला, आणि मी मुफ्ती नाही, हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चाचा, आमच्याकडे संशयाला एक आकडा असतो. इतक्या टक्क्यांच्या वर खात्री झाली की लक्ष्य समजायचे. तो आकडा कोणी ठरवला, हे मी कधी विचारलेच नाही." दारुल इफ्ताला पाठवायचा इस्तिफ्ता तो आता स्वतः लिहीत आहे. दोनदा फाडून झाला आहे. तो आकडा सोमवारी कार्यालयात विचारल्यावरच पुढचे लिहीन, असे तो म्हणाला.